कामकाजपत्रिका म्हणजे नुसती यादी नव्हे



विधान परिषदेत कोणते विधेयक कधी घ्यायचे हे कामकाज सल्लागार समितीत सर्वपक्षीय सहमतीने ठरते, म्हणून घाईचा दोष सत्ताधाऱ्यांना देऊ नये, हे आपल्या पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. समिती वेळ वाटते खरी. पण मुळात वाटायला दिवस किती, हे अधिवेशन बोलावण्याचा सल्ला देणारे मंत्रिमंडळच ठरवते. २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, अवघ्या सहा दिवसांचे. त्यात पुरवणी मागण्या आणि विधेयके बसवल्यावर आमच्या वऱ्हाडातल्या कापूस-सोयाबीनच्या वाट्याला काय उरणार? घाईचे उदाहरण घ्यायचे तर जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेत मंजूर झाले. संयुक्त समितीने ते आधी तपासले होते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या समितीत परिषदेचे मोजकेच सदस्य होते. विधानसभेने संमत केलेल्या मसुद्यावर बाकीच्यांना विचाराला एकच रात्र मिळाली. घटनेच्या १९७ व्या अनुच्छेदाने याच सभागृहाला साध्या विधेयकासाठी तीन महिन्यांची मुभा दिली आहे. दोन सभागृहांतील मतदानात निदान आठवड्याचे अंतर असावे, एवढीच मागणी आहे.

– एक वाचक, नांदगाव पेठ (जि. अमरावती)