गुडघ्यात पाणी झालंय, पण कशामुळे?



गुडघा सुजला की आपल्याकडे घरातली मोठी माणसं लगेच सांगून टाकतात, "पाणी झालंय." बरोबरच आहे ते, पण पाणी का झालं हे त्यातून कळत नाही. आईबाबांची फाइल घेऊन दवाखान्यात जाणारी मुलं हल्ली तुम्हीच, म्हणून हा विषय तुमच्यासाठी.

सांध्याला आतून एक अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी असताना त्याच्या पृष्ठभागावर पेशींचे जेमतेम एक-दोन थर, दुधावरच्या पातळ सायीसारखे. सांध्याचं वंगण हेच अस्तर तयार करतं. त्याला सूज आली की वंगण जास्त झरतं आणि गुडघा फुगतो. सूज येण्याची कारणं मात्र बरीच: झीज, जुनी दुखापत, आमवात, युरिक अॅसिड आणि आपल्या देशात विसरून न चालणारा क्षयरोग.

बहुतेकांचं निदान तपासणी, रक्त, एक्स-रे आणि सांध्यातल्या पाण्याच्या चाचणीवर होतं. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याचा तुकडा काढायची काहीच गरज नाही. पण एकच सांधा महिनोन्महिने सुजलेला आणि रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत, अशा वेळी अंदाजाने औषध देणं महागात पडतं. आमवात समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू केली आणि आत क्षय असला, तर तो वाढतो; सांधा कायमचा आखडू शकतो.

तेव्हा जाड सुईने किंवा दुर्बिणीतून अस्तराचे छोटे तुकडे घेतात. सूज सगळीकडे सारखी नसते, म्हणून दोन-चार ठिकाणचे. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून त्यांचे केसाहून कितीतरी पातळ काप करतात, ते गुलाबी-जांभळे रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी बघतात: वरचा पेशींचा थर किती जाड झालाय, खालच्या उतीत पेशींची दाटी किती, आणि बाहेरून आलेल्या दाहक पेशी किती. प्रत्येकीला ० ते ३ गुण. ही मोजणी क्रेन या जर्मन पॅथॉलॉजिस्टच्या नावाने ओळखली जाते. बेरीज ० किंवा १ आली तर सूज नाही, २ ते ४ सौम्य, ५ ते ९ तीव्र. झिजेत आणि दुखापतीत बहुधा सौम्य, आमवातात बहुधा तीव्र. 'बहुधा' हा शब्द सोडू नका. हे गुण सूज किती ते सांगतात, आजाराचं नाव सांगत नाहीत. क्षयाच्या गाठी आणि त्यांच्या मधोमध पनीरसारखा झालेला मृत भाग दिसला, तर ते रिपोर्टमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. नुसती बेरीज वाचून फाइल मिटू नका.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. दादरा नगर हवेलीतल्या आदिवासी समाजात सिकल सेलचं प्रमाण जास्त आहे आणि त्यातही हाडं-सांधे भयंकर दुखतात. कारखान्यातल्या वारली सहकाऱ्याच्या मुलाचे सांधे सारखे दुखत असतील, तर आधी रक्ताची ती साधी चाचणी झालीय का, एवढं विचारा. पूर्वी असल्या प्रश्नासाठी वापीहून गाडी धरून मुंबई गाठायची सवय होती. आता २०१९ साली सुरू झालेलं नमो वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे. सायलीत त्याच्या इमारतीची पायाभरणी त्याच वर्षी जानेवारीत झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये उद्घाटन झालं. पहिली विचारणा तरी घराजवळ करता येते.

तुकडा काढायचं ठरलं, तर आधी डॉक्टरांना विचारा, "सगळंच फॉर्मॅलिनमध्ये जाणार का?" फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग क्षयाचं कल्चर होत नाही. त्यासाठी एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, सलाइनमध्ये पाठवावा लागतो. युरिक अॅसिडचे स्फटिकही फॉर्मॅलिनमध्ये विरघळतात. ती शंका असेल तर तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात. डॉक्टरांना हे ठाऊक असतंच, पण ऑपरेशनच्या धांदलीत दुसरी बाटली राहून गेली, तर तुकडा पुन्हा काढायची वेळ येते.

आणि तो मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत हवं असेल, तर लॅबकडून ठोकळा आणि काचा रीतसर मागून घ्यायच्या आणि त्याच मुंबईला न्यायच्या. बाबांचा गुडघा घरीच राहू द्या.