‘छळ’ : शब्द आणि मुखवटे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा अनेक बोली एकाच वेळी कानी पडतात. तेथे एकच शब्द घरागणिक निराळा अर्थ धारण करतो. ‘छळ’ हा असाच एक शब्द. मराठी माणसाला तो ऐकताच क्रूर, अपमानकारक वागणूक आठवते. कानडी माणसाच्या लेखी ‘छल’ म्हणजे जिद्द, तर हिंदी भाषकाच्या लेखी कपट. यांपैकी कपट हाच मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ होय.

न्यायशास्त्राने ‘छल’ हा सोळा पदार्थांत गणला आहे. प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडावयाचे, हा तो छल. ‘नव’ म्हणजे नवे कांबळे असे म्हणणाऱ्याला, ‘नऊ कांबळी कोठे आहेत?’ असे विचारणे, हे त्याचे परंपरागत उदाहरण.

कपटापासून क्रौर्यापर्यंतचा हा प्रवास प्रथमदर्शनी लांबचा वाटतो. परंतु या दोहोंचे नाते आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. छळणारा आपल्या कृत्याला छळ असे क्वचितच म्हणतो. सासरी त्याचे नाव ‘वळण लावणे’, वसतिगृहात ‘गंमत’, कचेरीत ‘शिस्त’. क्रौर्याला सोज्वळ नाव देणे, हाच मूळचा छल.

कायद्याने हे मुखवटे एकेक करून उतरविले. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले व विवाहितेचा मानसिक छळही गुन्हा ठरला. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने तर नवागताची क्रूर थट्टाही शिक्षेस पात्र ठरविली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली.

यावर ‘मग शिस्त राहावयाची कशी?’ असा प्रश्न आम्हा शिक्षकांकडूनच येतो. शिस्त चुकीवर बोट ठेवते, छळ माणसावर. उत्तर चुकले हे सांगणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी मुलाची जात, गाव किंवा बोली काढून वर्गाला हसविणे हा छळच. हसणारा वर्ग त्या क्षणी काय शिकतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशीच करावा.