परकीय पैसा : संशय आणि पुरावा

दिल्लीतील अमेरिकन दूतावासाने १९६० मध्ये ‘स्पॅन’ मासिक सुरू केले. ते कोणाचे, हे अंकावरच छापलेले. वाचक तेवढे धरूनच वाचतो. लंडनच्या ‘एन्काउंटर’चे तसे नव्हते. त्यामागे सीआयएचा पैसा होता हे १९६७ मध्ये उघड झाले आणि स्टीफन स्पेंडर यांनी संपादकपद सोडले. मुंबईचे ‘क्वेस्ट’ही त्याच ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’च्या आधारावर चाले. म्हणजे अशी शंका घेणे गैर नाही.

पण याच शंकेचे हत्यारही होते. चिनी प्रचारासाठी पैसा घेतल्याच्या आरोपावरून ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये यूएपीएखाली अटक झाली. अटकेची कारणे लेखी दिली नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी ती अटक बेकायदा ठरवली. आरोप खरा की खोटा, याचा तो निकाल नव्हता. तोवर सात महिने तुरुंगात गेले होते.

म्हणून मित्रांनो, आम्ही दोन्ही बाजूंना जाब विचारतो. प्रकाशनाने सांगावे : पैसा कोणाचा, मजकूर कोण ठरवतो? आणि ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारणाऱ्याने आधी पुरावा ठेवावा. उद्या हाच शिक्का वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यावरही बसू शकतो.