सहावीचा पट घसरू देऊ नका
बोईसर, तारापूर आणि पालघर परिसरातील पालकांना जाहीर आवाहन



पाचवीपर्यंत मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि सहावीला चाळीच्या नाक्यावरच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत, ही रीत आपल्याकडे अनेक घरांत रुळली आहे. तिची झळ 30 सप्टेंबरला बसते. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार, ते ठरते. सहावी ते आठवीचा पट 20 च्या आत आला, तर तिथं नियमित शिक्षकाचं एकही पद मंजूर करायचं नाही, असं 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं ठरवलं. म्हणजे शेजारची दोन मुलं दाखला घेऊन गेली, की आपल्या मुलीचे गणिताचे गुरुजीही जातात. मग पुढची शाळा गाठायला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यानं, टँकरच्या गर्दीतून तिला रोज कोण सोडणार?

‘जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात कुठे?’ असं म्हणणाऱ्यांचं सगळंच खोटं नाही. सातवीत येऊन भागाकार अडणारी मुलं आहेत. पण शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. हा जाब आपणच विचारायचा आहे. बैठकीच्या वेळी आई-बाप पाळीवर असतात, हीच खरी अडचण. कारखानदारांनो, सामाजिक दायित्व निधीतून शाळेच्या भिंती रंगवून द्या, हरकत नाही. पण बैठकीच्या दिवशी पालक कामगाराला दोन तासांची भरपगारी सवलतही द्या.

आणखी एक हिशेब. आठवीतल्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली, की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला मात्र या परीक्षेला बसताच येत नाही. फी भरून आपण ही संधीही घालवतो.

पट टिकवायचा, तर उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या, जव्हार-मोखाड्याहून वीटभट्टीवर उतरलेल्या कुटुंबांना कोणीतरी सांगायला हवं, की जुन्या शाळेचा दाखला हातात नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो. चाळमालकांनो, भाडं घ्यायला जाल तेव्हा एवढं सांगाच.

30 सप्टेंबरच्या आधी शाळेत जा. सहावीच्या वर्गात किती नावं आहेत, विचारा. कमी पडत असतील, तर आपल्याच चाळीतली दारं वाजवा.

बोईसर परिसरातील एक पालक