गरम रक्ताची टेस्ट

ऑफिसमध्ये हेल्थ चेकअपचा सीझन आला की आमच्या फ्लोअरवर थेट शाळेतल्या प्रगतिपुस्तकाच्या दिवसाचा माहोल असतो. 'तुझं कोलेस्टेरॉल किती?' 'अगं, माझं व्हिटॅमिन डी बघ, सिंगल डिजिट!' जी मंडळी अप्रेझलचं रेटिंग मरेपर्यंत सांगणार नाहीत, ती यूरिक अ‍ॅसिड मात्र कँटीनमध्ये ओरडून सांगतात. सत्तर-ऐंशी टेस्टचं पॅकेज, वर कॉर्पोरेट डिस्काउंट, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पीडीएफ. लाल अक्षरात काही दिसलं नाही की बिर्याणी मागवायला आपण मोकळे.

पण एक टेस्ट अशी आहे, जी सहसा कुठल्या पॅकेजमध्ये नसते. आणि तिचा रिझल्ट तुमच्या रक्तात काय आहे यावर जेवढा ठरतो, तेवढाच ते रक्त लॅबपर्यंत कसं पोचलं यावर ठरतो. नाव जरा भारदस्त आहे, क्रायोग्लोब्युलिन. आमच्या घरात तिला सरळ 'गरम रक्ताची टेस्ट' म्हणतात, कारण माझ्या ठाण्याच्या मावशीला ती दोनदा करावी लागली.

मावशी बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या पायांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके यायला लागले. घोट्यापासून पोटरीपर्यंत. बोटाने दाबले तरी रंग जायचा नाही. दिवसभर काउंटरला उभं राहिलं की वाढायचे, आठवड्याभरात फिकट होऊन मागे तपकिरी डाग ठेवून जायचे. सोबत सांधे दुखणं आणि थकवा. थकवा म्हणजे असा, की बाई घरी येऊन पर्ससकट सोफ्यावर झोपायची. आपल्याकडे अशा वेळी डॉक्टरांचा तुटवडा नसतो. शेजारच्या काकूंनी 'उष्णता' सांगितली, बँकेतल्या मैत्रिणींनी मेनोपॉज, माझ्या आईने ब्रँचमधला एसी. मावशी स्वतः म्हणायची, "अगं, वय झालं आता, ठिपके पण येणारच."

मग आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला आणि संधिवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने. ठिपके जैसे थे. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ठिपक्याचा इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना आलेली सूज. रिपोर्ट वाचून बाईंनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

होतं की. 1993 साली, माझ्या मावसभावाच्या वेळी, सिझेरियनला. हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला 1989 मध्ये, पण भारतातल्या ब्लड बँकांना प्रत्येक बाटलीची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली ती थेट या शतकाच्या सुरुवातीला. मधल्या काळात ज्यांना रक्त मिळालं, त्यांच्यात हा पाहुणा कोणाकोणाकडे मुक्कामाला आला, ते त्या लोकांनाही ठाऊक नाही. कारण तो गप्प बसतो. कावीळ नाही, ताप नाही, वर्षानुवर्षं काहीच नाही.

आता फंडा समजून घ्या. हा विषाणू यकृतात राहतो, पण आपल्या रोगप्रतिकारक पेशींनाही सतत डिवचत राहतो. मग त्या भलत्याच अँटिबॉडीज बनवतात, ज्या आपल्याच दुसऱ्या अँटिबॉडीजना चिकटतात. (आरए फॅक्टर म्हणजे नेमकी हीच भानगड. त्यामुळे तो पॉझिटिव्ह आला म्हणजे संधिवातच, असं नसतं.) या गुंत्याचा स्वभाव आपल्या खोबरेल तेलासारखा. डिसेंबरात बाटलीत थिजतं, उन्हात ठेवलं की परत पातळ. क्रायोग्लोब्युलिन्स थंडीत थिजतात आणि ऊब मिळाली की विरघळतात. बारीक रक्तवाहिन्यांमध्ये हा गुंता अडकला की तिथे सूज येते. त्वचेवर ठिपके, पायांना मुंग्या, आणि खरी भीती किडनीची. हिपॅटायटिस सी असलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ही क्रायोग्लोब्युलिन्स सापडतात, त्रास त्यातल्या थोड्यांनाच होतो. मावशी त्या थोड्यांत.

हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली. तेवढ्यावर भागत नाही, कारण विषाणू आपोआप गेला तरी किंवा उपचारांनी घालवला तरी ही टेस्ट पॉझिटिव्हच राहते. तो आत्ता अंगात आहे का, हे आरएनएची पीसीआर टेस्ट सांगते. तीही पॉझिटिव्ह. मग डॉक्टरांनी क्रायोग्लोब्युलिन लिहून दिली, आणि इथे खरी गंमत झाली.

मावसभावाने अ‍ॅपवर बुकिंग केलं. सकाळी सात वाजता बाइकवरून मुलगा आला, एकदम प्रोफेशनल, ग्लोव्ह्ज, बारकोड, सगळं. रक्त घेतलं, निळ्या जेल पॅकच्या थंडगार डब्यात ठेवलं आणि गेला. पाच दिवसांनी पीडीएफ आली, 'नॉट डिटेक्टेड'. घरात पेढे आणायचेच बाकी होते.

संधिवाततज्ज्ञांनी तो कागद बघितला आणि विचारलं, "सँपल घरून नेलं? बर्फाच्या डब्यातून?" हो म्हटल्यावर त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "हा रिपोर्ट निगेटिव्ह नाही. हा रिपोर्टच नाही."

कारण खोबरेल. रक्त थंड डब्यात गेलं की क्रायोग्लोब्युलिन्स तिथेच थिजतात, रक्ताच्या गुठळीबरोबर तळाला जातात, आणि लॅब वरचं स्वच्छ सीरम काढून तपासते. जे शोधायचं तेच आधी टाकून दिलं! डॉक्टरांना संशय आला तो दुसऱ्या एका आकड्यामुळे. सी4 नावाचं एक प्रथिन या आजारात वापरलं जाऊन खाली येतं आणि मावशीचं सी4 पार तळाला होतं. लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनं आणि थोडं रक्तही. सगळे साक्षीदार एका बाजूला आणि पीडीएफ एकटी दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्यांदा आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्येच गेलो. मी सुट्टी टाकून सोबत होते. टेक्निशियन ताईंनी सिरिंज आणि ट्यूब आधीच कोमट करून ठेवलेल्या, रक्त घेतल्याबरोबर ट्यूब थर्मासमध्ये. आत पाणी 37 अंशांचं, म्हणजे आपल्या शरीराइतकंच. मग त्याच तापमानाला रक्त गोठू द्यायचं, गरम ठेवूनच सीरम वेगळं करायचं, आणि त्यानंतर ते 4 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवून वाट बघायची. किती? सात दिवसांपर्यंत. एवढ्या हायटेक जमान्यात शेवटचा निकाल चक्क डोळ्यांनी बघून! तळाला पांढरा साका दिसला तर ट्यूब पुन्हा गरम करतात. साका विरघळला, तर तो हाच.

मावशीचा चौथ्या दिवशी दिसला. रिपोर्ट वाईट होता आणि घरात सगळ्यांना हुश्श झालं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. अखेर ठिपक्यांना नाव मिळालं होतं.

नाव मिळाल्यावर पुढचं पटकन झालं. पूर्वी यासाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, महिनोन् महिने, आणि ती माणसाला अर्धं करायची. साधारण 2015 पासून भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळतात. बहुतेकांना 12 आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि या गोळ्या मोफत आहेत, हे बँकेत कुणालाच माहीत नव्हतं.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी केलेल्या पीसीआरमध्ये विषाणू सापडला नाही. ठिपके गेले, डाग आहेत. लघवीतलं प्रथिन उतरतंय. पायाच्या बोटांच्या मुंग्या मात्र हट्टी आहेत आणि क्रायोग्लोब्युलिन अजून थोडी निघतात. विषाणू गेल्यावरही काही जणांत ती रेंगाळतात. म्हणून दर काही महिन्यांनी थर्मासवाली टेस्ट. मावशी आता आदल्या दिवशी लॅबला स्वतः फोन लावते आणि बँकेतल्या आवाजात विचारते, "ट्यूब गरम ठेवणार ना? सीरम तिथेच काढता की बाहेर पाठवता? आणि फ्रिजमध्ये किती दिवस?" पलीकडचा जरा अडखळला, तर ती थँक यू म्हणून दुसरा नंबर फिरवते.