‘करावा लागला’ : वृत्तभाषेतील कर्ता आणि अमेरिकी सत्ता

मराठी वृत्तपत्रे अमेरिकी सत्तेकडे झुकलेली आहेत असा आरोप झाला की त्याचे उत्तर ठरलेले असते : अग्रलेख वाचा. हे उत्तर अगदीच खोटे नाही. १९६८ ते १९९६ या काळात गोविंद तळवलकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या संपादकपदावरून आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जे भान वाचकाला दिले, त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. वॉशिंग्टनला खडे बोल सुनावणारे अग्रलेखही मराठीत दुर्मीळ नाहीत. पण हे उत्तर चुकीच्या पानावरून दिले जाते. अग्रलेखात मत असते आणि ते मत आहे हे वाचकाला ठाऊक असते. बातमीत मत नसते, अशी वाचकाची समजूत असते. म्हणून पक्षपाताचा शोध घ्यायचा तर तो पहिल्या पानावरील क्रियापदांत घ्यावा लागतो.

हा शोध घेण्याची जबाबदारी ज्या समीक्षेची, तिने मात्र वृत्तपत्राकडे पाठ फिरवली आहे. गेल्या चार दशकांत मराठी समीक्षेने ‘संहिता’ ही संज्ञा स्वीकारली, निवेदक आणि लेखक यांत भेद करायला ती शिकली, सत्ता व ज्ञान यांच्या संबंधाची चर्चाही तिने भरपूर केली. एडवर्ड सैद यांचे ‘कव्हरिंग इस्लाम’ १९८१ मध्ये आणि हर्मन-चॉम्स्की यांचे ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेन्ट’ १९८८ मध्ये आले. त्यांचे संदर्भ प्रबंधांच्या प्रास्ताविकात शोभून दिसतात. उपयोजनाची वेळ आली की मात्र पुन्हा कादंबरी. लक्षावधी माणसे रोज सकाळी जी मराठी वाचतात, ती संहिता नव्हे काय?

आखाती युद्धाचे उदाहरण घ्यावे. १९९१ च्या जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातील ‘दोस्त राष्ट्रे’ हा शब्द मराठीत पुन्हा अवतरला. कोणाचे दोस्त? भारत त्या आघाडीत नव्हता. अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिल्यावरून त्याच सुमारास देशात वादंग माजले आणि अखेर ती सवलत थांबवावी लागली. मैत्रीचा प्रश्न असा उघड्यावर आलेला असताना भाषेने तो आधीच निकालात काढला होता. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादच्या अमिरिया भागातील आश्रयस्थानावर अमेरिकी विमानाने टाकलेल्या बॉम्बनी ४०० हून अधिक नागरिक मारले. वृत्तभाषेच्या साच्यात हेच वाक्य ‘हवाई हल्ल्यात ४०० ठार’ असे होते. ‘ठार झाले’ हे अकर्मक क्रियापद. व्याकरणदृष्ट्या पाहिले तर मेलेलेच या वाक्याचे कर्ते ठरतात. मारणाऱ्याला वाक्यात जागाच उरत नाही. याउलट शत्रूचे क्रौर्य नेहमी सकर्मक असते : सद्दामने गावे जाळली, सद्दामने माणसे मारली.

यावर उपसंपादकांचा एक आक्षेप रास्त आहे. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर हाती येतो, छपाईची वेळ गाठायची असते. तेथे कटकारस्थानाला सवड कोठून असणार? ती नसतेच. कटाची गरज नसणे हेच या व्यवस्थेचे बळ आहे. मूळ मजकूर ज्या दृष्टिकेंद्रातून लिहिला गेला, तो अनुवादातून जसाच्या तसा मराठीत येतो आणि मराठी वाचक अनाहूतपणे पेंटागॉनच्या पत्रकार परिषदेत जाऊन बसतो.

पण सर्वच दोष अनुवादाच्या माथी मारता येत नाही, हे एन्रॉनने दाखवून दिले. येथे घटना कोकणातली होती, वार्ताहर मराठी होते, साक्षीदार मराठी होते. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार १९९२ मध्ये झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये मनोहर जोशी सरकारने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा जिवंत केला. दरम्यान जून १९९५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने, करार मोडला तर भारतातील इतर खासगी वीजप्रकल्पही धोक्यात येतील, असा इशारा दिला होता. प्रकल्पाच्या कर्जात अमेरिकी सरकारी वित्तसंस्थांचा वाटा होता. १९९४ ते १९९७ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर हे पद सोडल्यानंतर लवकरच एन्रॉन समूहातील एका कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की प्रकल्पाची उभारणी आणि भारतीयांचे ‘शिक्षण’ यांवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. लाच दिल्याचा आरोप कंपनीने फेटाळला. पण ‘शिक्षण’ या शब्दावर एखादा परिसंवाद व्हायला हरकत नव्हती.

या सर्व गोष्टी छापून आल्या होत्या. दडपल्या गेल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी पत्रकारांनी एन्रॉनवर कडक टीकाही केली. मात्र वृत्तपत्राच्या पानवाटणीतच एक कथानक दडलेले असते. राजदूत आंतरराष्ट्रीय राजकारणात, कर्ज अर्थविषयक पानावर, मच्छीमार बायका जिल्हावृत्तात. जून १९९७ मध्ये वेलदूर या कोळ्यांच्या गावात पोलीस पहाटे घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली, अटका झाल्या. प्रकल्पस्थळी तैनात असलेल्या राज्य पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जानेवारी १९९९ च्या अहवालात नोंदवले. वेलदूरची पहाट आणि वॉशिंग्टनचा इशारा एकाच वाक्यात आणणारी वाक्यरचना मराठी वृत्तभाषेजवळ नव्हती. जवळ होती ती एकच, पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेली : ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’

हे वाक्य मराठीचे अस्सल अपत्य आहे. कर्त्याला ‘ना’ प्रत्यय लागतो आणि तो करणारा न राहता सोसणारा होतो. क्रियेचा भार ‘लागला’वर, म्हणजे परिस्थितीवर जातो. ‘सौम्य’ हे विशेषण लाठी ज्याच्या पाठीवर पडली त्याचे नव्हे, हे सांगायला नकोच. हीच रचना पुढे जगाच्या नकाशावर पसरते : अमेरिकेला हस्तक्षेप करावा लागला, निर्बंध लादावे लागले, सैन्य धाडावे लागले. महासत्ता इतकी अगतिक अन्य कोणत्या भाषेत दिसत असेल?

मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले तेव्हा ‘सर्वसंहारक अस्त्रे’ मराठीत ठळक टायपात येऊन गेली होती. अस्त्रांचे साठे नव्हते, हा अमेरिकेच्याच तपास गटाचा निष्कर्ष २००४ चा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांनी मे २००४ मध्ये आपल्या वृत्तांकनातील त्रुटींची कबुली दिली. दावा जितक्या तत्परतेने अनुवादित होतो, तितक्या तत्परतेने कबुली होत नाही.

मराठवाड्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य रणगाड्यांसह निझामाच्या राज्यात शिरले. त्या मोहिमेला ‘पोलीस अॅक्शन’ म्हटले गेले आणि वयाचा हिशेब त्या सालावरून सांगणारी माणसे छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, अगदी अलीकडेपर्यंत भेटत. निझामाच्या जुलमातून झालेली मुक्तता खरी. त्या कारवाईच्या काळात व नंतर झालेल्या हिंसेवरील सुंदरलाल समितीचा अहवाल दशकानुदशके अप्रकाशित राहिला, हेही खरे. पावणेदोन वर्षांनी, जून १९५० मध्ये, कोरियातील युद्धाला ट्रुमन यांनी हेच नाव मान्य केले. ज्या शहरात विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झगडा चालला, तेथे तरी नाव ही किरकोळ बाब आहे असे कोणी म्हणू नये.

तरीही मराठीच्या पदव्युत्तर वर्गात प्रयोगविचार शिकवताना उदाहरण येते ते ‘रामाने आंबा खाल्ला’ हेच. कर्ता ओळखा, असा प्रश्न त्यावर विचारता येतो. ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ या वाक्यावर तो विचारला गेला, तर तासाचा उरलेला वेळ त्यातच जाईल.