खंदक एकच, म्हणून दोषही समान?

मार्च २००२ मध्ये ऑस्कर पुरस्कारांच्या घोषणेकडे भारतातील चित्रपटरसिकांचे डोळे लागले होते. आशुतोष गोवारीकर या मराठी दिग्दर्शकाचा ‘लगान’ परकीय भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत अंतिम पाचांत पोहोचला होता. पुरस्कार मात्र बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला मिळाला. चाहते हिरमुसले आणि सामान्य प्रेक्षक तो चित्रपट विसरूनही गेला. आपल्याकडील शांतिपाठक मात्र त्याला विसरले नाहीत. दोन्ही बाजूंचे शिपाई सारखेच, युद्धे राज्यकर्ते घडवितात, तेव्हा दोषही दोघांचा सारखाच, असा उपदेश करताना त्यांना हा चित्रपट हटकून आठवतो. तो खरोखर हेच सांगतो काय?

कथानक साधे आहे. साल १९९३. धुक्यात वाट चुकलेली बोस्नियन सैनिकांची तुकडी पहाटे सर्बांच्या माऱ्यात सापडते. दोन्ही सैन्यांच्या मधल्या ओसाड खंदकात चिकी हा बोस्नियन आणि निनो हा नवखा सर्ब, असे दोन जखमी शत्रू अडकून पडतात. तिसरा त्सेरा. तो मेला असे समजून सर्बांनी त्याच्या देहाखाली सुरुंग पेरला आहे. तो जिवंत आहे, पण जरा हलला तरी तिघांच्याही चिंधड्या होतील. चिकी आणि निनो भांडतात, एकमेकांवर बंदुका रोखतात, दोघांच्याही ओळखीची एक मुलगी निघते तेव्हा क्षणभर हसतातही.

यातील एक प्रसंग आपल्या पुरोगामी समीक्षकांना विशेष प्रिय आहे. युद्ध कोणी सुरू केले यावरून दोघांचा वाद पेटतो. ज्याच्या हाती बंदूक, तो समोरच्याकडून हवे ते उत्तर वदवून घेतो. बंदुकीचा हात बदलताच उत्तरही बदलते. यावरून निष्कर्ष काढला जातो की, ‘कोणी सुरू केले’ हा प्रश्नच निरर्थक आहे. वस्तुतः प्रसंगाचा अर्थ नेमका उलट आहे. बंदुकीच्या धाकाने वदवून घेतलेले उत्तर म्हणजे सत्य नव्हे, एवढेच तो दाखवितो. सत्य अस्तित्वातच नाही, असे तो कोठेही म्हणत नाही.

दिग्दर्शक डॅनिस तानोविच हा काही तटस्थ प्रवासी नव्हता. साराजेव्होच्या वेढ्यात तो बोस्नियन सैन्यासाठी चित्रीकरण करीत होता. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, जवळपास चार वर्षे, भोवतालच्या डोंगरांवरून त्या शहरावर तोफा डागल्या जात होत्या. डोंगरावर कोण आणि शहरात कोण, हे त्याला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. म्हणूनच त्याच्या चित्रपटातील सर्वांत जळजळीत उपहास दोन शत्रूंच्या वाट्याला येत नाही. तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतो. तिघे मृत्यूच्या तोंडाशी असताना ते अधिकारी आपण तटस्थ आहोत एवढेच सांगत राहतात. हत्येसमोर तटस्थ राहणे म्हणजेच एक बाजू घेणे होय, हे कळते ते एका फ्रेंच सार्जंटला. त्याच्या वरिष्ठांना नव्हे.

हा उपहास काल्पनिक नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी लादली. नियम सर्वांना सारखाच होता. परंतु युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा आणि रणगाडे बोस्नियातील सर्बांच्या हाती आयतेच पडले होते, तर त्यांच्या समोरचे जवळपास रिक्तहस्त होते. जुलै १९९५ मध्ये याच राष्ट्रसंघाने ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केलेल्या स्रेब्रेनिकात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे ठार मारले गेले. डच शांतिसैनिक तेथे उपस्थित होते. या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून घडलेले भारतीय अधिकारी होते. मार्च १९९३ मध्ये त्यांचा कार्यकाळ संपला. निळ्या शिरस्त्राणाखालील शिपाई भित्रा नसतो; त्याला दिलेला आदेश पंगू असतो.

स्रेब्रेनिकात मारले गेलेले मुसलमान होते, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. त्यामुळे न्यायाचे माप बदलत नाही. आक्रमक कोण आणि आक्रांत कोण, हे त्यांचा धर्म पाहून ठरविणाऱ्याला सत्याविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही. आपल्या शांतिपाठकांचे दुर्दैव असे की, बोस्नियात त्यांना हा भेद अचूक दिसतो आणि काश्मीरकडे वळताच त्यांची दृष्टी अधू होते.

भारताला या तटस्थतेचा अनुभव बोस्नियाच्याही आधी, तब्बल ४४ वर्षे आला आहे. २२ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानातून आलेले टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने आक्रमणाची तक्रार राष्ट्रसंघाकडे नेली. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेच्या विषयपत्रिकेवरील ‘जम्मू-काश्मीर प्रश्न’ हे शीर्षक पालटून ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ असे झाले. फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर बसविले गेले. तक्रारीचा ‘वाद’ झाला, आणि वाद म्हटला की दोष दोघांचा, हे ओघानेच आले.

योगायोग असा की, विजय राज यांचा २०१४ चा ‘क्या दिल्ली क्या लाहोर’ याच १९४८ सालात घडतो. सीमेवरील एका चौकीत एक भारतीय आणि एक पाकिस्तानी शिपाई समोरासमोर येतात. भारतीय मूळचा लाहोरचा, पाकिस्तानी मूळचा दिल्लीचा. फाळणीने दोघांचीही घरे हिरावली. हे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करणे पाप ठरेल. पण दोघांचे दुःख समान, म्हणून त्यांच्या दोन राज्यांचे वर्तनही समान, ही उडी कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

शत्रूत माणूस पाहावा, हे भारताला चित्रपटांनी शिकविण्याची आवश्यकता नाही. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार यथाविधी करण्यास रामानेच बिभीषणाला सांगितले. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. पण खान कशासाठी चालून आला होता, हे शिवराय कधी विसरले नाहीत. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान लढता लढता पडला. पाकिस्तान तेव्हा आपले सैनिक तेथे नाहीतच, असे जगाला सांगत होता. भारतीय ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या शौर्याची नोंद करणारी चिठ्ठी त्याच्या मृतदेहासोबत पाठविली. पुढे पाकिस्तानने त्याला ‘निशान-ए-हैदर’ दिला. त्याच युद्धात कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांचे देह कोणत्या अवस्थेत परत आले, हेही या देशाने पाहिले आहे. दोन्ही प्रसंग एकाच युद्धातील आहेत. पहिला सांगावा आणि दुसरा गाळावा, ही माणुसकी नव्हे, निवड आहे.

शत्रूचा सन्मान करणाऱ्या त्या ब्रिगेडियरला टायगर हिल कोणाची, याविषयी तिळमात्र संदेह नव्हता. ज्याला आपली बाजू ठाऊक आहे, त्याचीच करुणा खरी असते. बाजूच पुसून टाकणाऱ्याची करुणा बहुधा आक्रमकाच्या कामी येते.

‘नो मॅन्स लँड’च्या अखेरीस चिकी आणि निनो दोघेही मरतात. सुरुंग निकामी केला असे खोटेच जाहीर करून अधिकारी निघून जातात, पत्रकारही निघून जातात. त्सेरा तेथेच, सुरुंगावर, एकटा पडून राहतो. तो सुरुंग त्याच्या देहाखाली कोणी पेरला, हे प्रेक्षकाने सुरुवातीलाच पाहिलेले असते. घराघरांत मुलांना असे चित्रपट अवश्य दाखवावेत. पडदा मिटल्यावर मात्र तेवढा एक प्रश्न त्यांना विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बदलू नये.